जुनी गाडी घेतली आणि चेक इंजिनचा दिवा लागला

घेताना ठणठणीत वाटलेली वापरलेली गाडी आठ-पंधरा दिवसांत मिसिंग मारायला लागते (एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि इंजिन झटके देतं) आणि पहिला हात जातो तो नवे प्लग किंवा नवा सेन्सर आणण्याकडे. ते जरा थांबवा. या गाडीत कोणता भाग कधी बदलला, कुठे जुगाड केलाय, हे तुम्हाला माहीत नाही. अंदाजाने भाग टाकत गेलात तर मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि नव्या भागांमुळे तपास आणखी गुंतागुंतीचा होतो. पुढचं सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत (काही नव्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त होतं). व्होल्टेज पडलं की इंजिनाचा संगणक भलतेसलते दोषाचे कोड टाकतो, आणि त्यांच्या मागे लागण्यात दिवस जातो.

मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. कोड लिहून घ्या, पुसू नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दोष नोंदला गेला तेव्हाचा आरपीएम, इंजिनाचं तापमान, लोड. दोष थंड इंजिनावर येतो की चढावर, हे तिथेच कळतं. याच स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटरही बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. त्यातले बरेचसे 'अपूर्ण' दिसले तर नुकतेच कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. नुकत्याच विकलेल्या गाडीत हे दिसणं म्हणजे दिवा लपवला गेला असण्याची दाट शक्यता. चार-पाच दिवस शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर मिळून चालवा, मग पुन्हा वाचा.

कोड लक्षण सांगतो, खराब भागाचं नाव सांगत नाही. मिश्रण पातळ असल्याचा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा पी-०१७१ आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. बहुतेक वेळा तो सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो.

मिसिंगसाठी पी-०३०० म्हणजे ते ठरावीक सिलेंडरवर नाही. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरवर, ०३०२ दुसऱ्यावर. पहिला सिलेंडर बहुधा टायमिंग बेल्ट किंवा चेनकडच्या टोकाचा, पण मॅन्युअलमध्ये खात्री करा. दिवा लुकलुकत असेल तर रेझ करू नका, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर तपास फुकटात होतो. समजा ०३०१ आलाय. थंड इंजिनावर, इग्निशन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या कॉइल अदलाबदल करा आणि कोड पुसून चालवा. आता ०३०३ आला तर कॉइल गेली. ०३०१ च राहिला तर कॉइल सोडा, तसेच प्लग अदलून बघा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग). कनेक्टरच्या खाचेचं प्लास्टिक जुन्या गाडीत ठिसूळ झालेलं असतं, ओढून काढू नका.

प्लग खोलण्याआधी तो बसतो त्या खोल विहिरीतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये पडते. विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लग ट्यूबचे सील गळताहेत; आधी ते बदला, नुसते नवे प्लग टिकणार नाहीत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट म्हणजे ऑइल जळतंय. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्याने हाताने बसवा. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि ॲल्युमिनियमचं हेड वाचतं. टॉर्क मॅन्युअलप्रमाणेच द्या. टॉर्क पाना नसेल तर १४ मिलिमीटरचा वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. निमुळत्या बैठकीच्या प्लगला फक्त एक-सोळांश.

पातळ मिश्रणाचा उलगडा फ्युएल ट्रिममध्ये आहे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्या स्कॅनरवरच्या आकड्यात. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला लाँग टर्म आणि शॉर्ट टर्मची बेरीज बघा, मग २५०० आरपीएमला. आयडलिंगला +२० टक्के आणि रेझवर +५ च्या आसपास असेल तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय: आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे तेवढ्याच गळतीचा वाटा मोठा दिसतो. एअर फिल्टरनंतरच्या रबरी नळीच्या घड्या, पीसीव्ही नळी (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारी), ब्रेक बूस्टरची नळी आणि इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. घड्या ताणून बघा, चिरा तळाशी लपतात. सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे धुराचं यंत्र: इनटेकमध्ये धूर सोडा, तो बाहेर येतो तिथे गळती. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत जुनी आहे, पण आगीचा धोका पत्करण्यासारखा नाही. उलट, लोडवर ट्रिम वाढत गेला तर इंधनाचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासा.

या सगळ्यानंतरही एकच सिलेंडर मिसिंग मारत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब मोजा. सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा ठोके स्टार्टर फिरवा. निरोगी इंजिनात बहुधा १० ते १४ बार येतात. सिलेंडरांमधला फरक मात्र आकड्यापेक्षा महत्त्वाचा. १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कमी सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलंय असं समजा.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच हेड उघडू नका, फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ओलाव्याने ती येते. डिपस्टिकवरही साय असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर गॅस्केटची चाचणी करा. कूलंटच्या टाकीच्या तोंडाशी धरायच्या चाचणीच्या निळ्या द्रवाचा रंग पिवळा झाला की ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय. टाकीचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा.

टायमिंग बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल तर वाद न घालता टेन्शनरसकट बदला. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही बदला.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी-०४२० शेवटी ठेवा. मिसिंग किंवा सायलेन्सरच्या जोडातली गळती यांमुळेही तो येतो, म्हणून कन्व्हर्टर घेण्याआधी ती कामं उरका, कोड पुसा आणि कॅटॅलिस्ट मॉनिटर 'पूर्ण' दिसेपर्यंत चालवा. मगच कोड परत आला का ते बघा.