कोकम, कांदा आणि शुगर: या चुका टाळा

रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, ऐन हंगामात, मे महिन्यात, एक ओळखीचे काका वेंगुर्ल्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात आले. दर महिन्याला मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि बीपीची गोळी नेणारे. या वेळी फक्त बीपीची मागितली. विचारलं तर म्हणाले, "शुगरच्यो गोळ्यो बंद केलंय. आता रोज सकाळी अर्धो पेलो आगळ घेतंय." आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आणि काकांनी मोबाइल पुढे केला. झाडपाल्यातले फ्लेवोनॉइड (वनस्पतींत आढळणारी एका प्रकारची संयुगं) मधुमेहातल्या प्रथिनांच्या गुठळ्या विरघळवतात, असा मेसेज होता.

मेसेज निव्वळ थाप असता तर समजावणं सोपं होतं. पण त्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे. आपल्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनसोबत अमायलिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन सोडतात. टाइप २ मधुमेहात ते एकमेकांना चिकटतं. आधी बारीक पुंजके होतात, मग तंतू, आणि त्यात बीटा पेशींना इजा होते. स्वादुपिंडातले हे थर अमेरिकन संशोधक यूजीन ओपी यांनी १९०१ मध्येच नोंदवले होते; ते कोणत्या प्रथिनाचे, हे कळायला १९८७ उजाडलं. क्वेर्सेटिन, मायरिसेटिन आणि ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे फ्लेवोनॉइड या चिकटण्याला अडथळा करतात, हे परीक्षानळीत दिसलेलं आहे.

नळीत घडलं ते पोटात घडेल असं धरणं

सगळ्यात मोठी चूक हीच. नळीत क्वेर्सेटिन थेट अमायलिनवर ओततात. आपण खाल्लेलं क्वेर्सेटिन आधी आतडं आणि यकृत यांच्या हातून जातं. तिथे त्याचं रूप बदलतं आणि मूळ रूपात रक्तात फारच थोडं उरतं. स्वादुपिंड तर त्याच्याही पुढे.

नळीतल्या प्रयोगातही एक खोच आहे. तंतू झाले का, हे पाहायला थायोफ्लेविन टी नावाचा रंग घालतात. तंतूंना चिकटला की तो चमकतो. काही फ्लेवोनॉइड ही चमक स्वतःच मंद करतात. म्हणजे तंतू जागच्या जागी असतात आणि यंत्र म्हणतं, कमी झाले. म्हणून चांगले संशोधक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीही खात्री करतात. "उंदरांवर सिद्ध" असं वाचलंत तर आणखी एक प्रश्न विचारा: कोणते उंदीर? साध्या उंदराच्या अमायलिनमध्ये २५, २८ आणि २९ या जागांवर प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, त्यामुळे ते असं चिकटतच नाही. माणसाचा जनुक घातलेले उंदीर असतील तरच गुठळ्यांबद्दल बोलण्यात अर्थ. हीच युक्ती वापरून, त्या तीन जागी प्रोलिन बसवून, प्रॅमलिंटाइड हे इंजेक्शन तयार झालं आणि २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तेही इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी, इन्सुलिनच्या जोडीला.

आगळ म्हणजे औषध समजणं

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, ते फ्लेवोनॉइडच. पण कोकमातलं ज्याचं फार नाव होतं ते गार्सिनॉल फ्लेवोनॉइड नाही, आणि आंब्यातलं मँगिफेरिनही नाही. खरी अडचण वेगळीच. आगळ टिकावं म्हणून आपण त्यात मूठ सैल सोडून मीठ घालतो. काका बीपीची गोळी घेत होते आणि वर रोज अर्धा पेला खारं आगळ पीत होते! अमृत कोकम घ्यावं, तर ते साखरेच्या पाकातलं. शुगर असलेल्याला सोलकढीत चमचाभर आगळ पुरे.

अलिबागचा कांदा खाऊन क्वेर्सेटिन मोजणं

अलिबागचा पांढरा कांदा मला जिवापाड आवडतो. पण क्वेर्सेटिन लाल कांद्यात भरपूर असतं, पांढऱ्यात जवळपास नाहीच. लाल कांद्यातही ते बाहेरच्या पाकळ्यांत जास्त, म्हणून सोलताना दोन-दोन पाकळ्या फेकू नका. आणि कांदा खा तो भाजी म्हणून.

अर्काच्या कॅप्सूल मात्र मी सल्ल्याशिवाय देत नाही. ग्रीन टीच्या अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर रक्तात यकृताची एन्झाइम वाढू शकतात (ही यकृताला इजा होत असल्याची खूण), असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं.

गोळ्या आधीच सोडल्या असतील तर

"उपाशीपोटी शुगर उतरली" हा काकांचा पुरावा होता. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, आगळ सुरू केलं त्याच दिवसापासून चहातली साखर आणि संध्याकाळची भजी बंद झाली होती. एका सकाळच्या आकड्यावर जाऊ नका. एचबीए१सी ही रक्ततपासणी करा, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. चुकलेल्या गोळ्या एकदम भरून काढू नका, दुहेरी डोस तर नकोच. किती दिवस बंद होत्या ते डॉक्टरांना खरं सांगा, ओरडा बसला तरी चालेल. तहान खूप लागत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल, वजन उतरत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काकांना मी दुकानातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांची गोळी पुन्हा सुरू आहे. आगळाची ती बाटली काकींनी ताब्यात घेतली, आता ती बांगड्याच्या तिखल्यासाठी निघते.