डबा एसयूव्ही रोज एक्सप्रेसवेवर पळवताय? या चुका टाळा

नवी गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात विचारतो, "मायलेज किती देते?" दुसऱ्या महिन्यात प्रश्न बदलतो: "नव्वदच्या पुढे गाडी हलते हो, सर्व्हिस सेंटरला दाखवू का?" दाखवा. ते अलाइनमेंट करून देतील, बिल देतील आणि गाडी पुन्हा हलेल. दहापैकी आठ वेळा बिघाड गाडीत नसतोच, चालवण्यात असतो. तळेगाव, वाकड, हिंजवडीहून नवी मुंबईला नेमाने ये-जा करणाऱ्या मंडळींत अशा उभट, चौकोनी गाड्या हल्ली भरपूर दिसतात. त्यांच्या तक्रारी ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी ही गाडी अशी का, ते बघू. गाडी चार मीटरच्या आत राहिली आणि इंजिन पेट्रोलचं १२०० किंवा डिझेलचं १५०० सीसीच्या आत बसलं की जीएसटी कमी लागतो. लांबी वाढवायची सोय नाही, मग कंपनी जागा शोधते ती उंचीत. छप्पर उंच, काच उभी, पाठ सपाट. शहरात याचे फायदेच फायदे. आईला गुडघे न वाकवता बसता येतं, डिकीत पिंप मावतं. एक्सप्रेसवेवर मात्र हीच उंची वाऱ्याच्या तावडीत सापडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की विरोध दीडपटीच्या वर जातो, आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. १०० वरून १२० वर गेलात की ताकद पुन्हा पावणेदोनपट. लांबट, बुटक्या सेडानलाही हाच नियम लागू आहे, पण तिचा मुळातला विरोधच कमी असतो.

तेव्हा पहिली चूक म्हणजे शेजाऱ्याच्या सेडानशी बरोबरी करणं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोली ते किवळे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. सगळा रस्ता मोकळा मिळाला असं धरलं तरी १०० ने सुमारे ५७ मिनिटं लागतात आणि ११० ने ५२. पाच मिनिटं वाचली! त्यासाठी इंजिन ओरडवायचं, डिझेल जाळायचं आणि वर चलान घ्यायचं, कारण सपाटीवरही मोटारींची मर्यादा १०० आहे आणि इथले कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून पुढे पळणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. माझी गाडी सपाटीवर ९० च्या आसपास असते, आणि ऑफिसला मी कोणाच्या मागे पोचत नाही.

हवा कमी भरणं

या चुकीवर मी तासभर बोलू शकतो. "हायवेला टायर तापतो, हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून निघतानाच तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी भरायची." हे शहाणपण पंक्चरवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळे सांगतात, तेही इतक्या ठामपणे की नवखा माणूस मान डोलावतो.

घडतं नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते. वेग जास्त, ओझं जास्त आणि हवा कमी, या तिन्ही गोष्टी जमल्या की टायर आतून शिजतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची परवानगी आहे, रस्ता काँक्रीटचा, सरळ आणि लांबलचक. अशा ठिकाणी उन्हाळ्यात कमी हवेचा टायर घेऊन तीन-तीन तास न थांबता जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. तापल्यावर दाब वाढतो हे खरंच आहे, पण ती वाढ धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो.

उंच गाडीत याला आणखी एक पदर आहे. गाडीचं वजन वर असल्यामुळे लेन बदलताना ते एका बाजूच्या टायरांवर झुकतं. भिंत मऊ असेल तर स्टिअरिंग फिरवल्यावर आधी टायर वाकतो आणि मग गाडी वळते. "गाडी हलते" म्हणणाऱ्यांच्या अर्ध्या गाड्यांमध्ये मला हेच सापडलंय. एका ओळखीच्या गृहस्थांनी शॉक अॅब्सॉर्बर बदलायचं कोटेशन आणलं होतं. त्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन गेज लावला तर पुढच्या एका टायरमध्ये २६, दुसऱ्यात २९. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. हवा भरली, तक्रार गेली. शॉक अॅब्सॉर्बर अजून तेच आहेत.

माझी सवय सांगतो. सोमवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, घरच्या गेजने चारही टायर बघतो. डिकीत बारा व्होल्टचा छोटा पंप आहे. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, चौघे जण आणि सामान असेल तेव्हा तो घेतो. पंपावर जाऊनच भरणार असाल तर लक्षात ठेवा, दहा किलोमीटर चालून आलेल्या टायरचा आकडा जास्तच दिसतो. तो बघून हवा काढून टाकू नका. आणि टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिका. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर तरुण आहे असं होत नाही.

नायट्रोजन भरलं तर चांगलंच आहे, पण नायट्रोजन भरलंय म्हणून महिनोन्‌महिने बघायचंच नाही, हे चालणार नाही.

वाऱ्याशी कुस्ती

कंटेनरला ओलांडताना काय होतं ते एकदा नीट समजून घ्या. मागून जवळ जाताना समोरचा वारा अडतो, गाडी हलकी होऊन पुढे सरकते. त्याच्या तोंडापाशी पोचलात की त्याने कापलेली हवा तुम्हाला बाहेर ढकलते. पूर्ण पुढे गेलात की अडलेला आडवा वारा अचानक पुन्हा अंगावर येतो. बोगद्यातून बाहेर पडतानाही हेच. भाताणचा बोगदा संपला की जून-जुलैत असा झटका बसतो की नवखा माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग उलटं ओढतो. झटका तोवर ओसरलेला असतो, आणि गाडी आता त्याच्या ओढण्याने हलते. वाऱ्यापेक्षा त्याला दिलेलं हे उत्तरच जास्त गाड्या डोलवतं.

हात सैल ठेवा, कोपर खाली, नजर लांब. गाडी वीतभर सरकली तर सरकू द्या. ओलांडताना शेजारच्या लेनच्या मधोमध राहा, कंटेनरला चिकटून नको, आणि सुरुवात केलीत की रेंगाळू नका.

टपावरचं कॅरिअर हा माझा दुसरा राग. वर्षातून एकदा गणपतीला गावी जायचं म्हणून लावलेला सांगाडा उरलेले अकरा महिने वारा खात बसतो. आवाज करतो, इंधन पितो, आणि त्यावर सामान ठेवलं तर गाडीचा सगळ्यात उंच भाग सगळ्यात जड करून ठेवतो. काढून ठेवा. दोन-चार बोल्ट तर असतात.

सगळ्याच डबा गाड्या एका माळेचे मणी नाहीत, हेही सांगायला हवं. मारुती जिम्नीची उंची १७२० मिलिमीटर आणि रुंदी फक्त १६४५. लॅडर फ्रेम (शिडीसारखा वेगळा सांगाडा, त्यावर बॉडी बसवलेली), पुढे-मागे सलग अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), शिवाय स्टिअरिंग रिसर्क्युलेटिंग बॉल या दणकट पण ढिलसर पद्धतीचं. ती दगडधोंड्यांसाठी घडवलेली आहे. १०० ला तिच्या स्टिअरिंगमध्ये थोडा पोकळपणा जाणवणारच, तो दोष समजून गॅरेजमध्ये पैसे घालू नका. महिंद्राची बोलेरो निओही लॅडर फ्रेमवरच आहे. ह्युंदाई व्हेन्यू किंवा स्कोडा कायलॅक या मोनोकॉक गाड्या, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच, साध्या मोटारीसारख्या बांधलेल्या. दिसायला चौकोनी असल्या तरी सरळ रेषेत बऱ्याच शांत चालतात. विकत घेताना रूफ रेल (टपावरच्या दांड्या) मोजणाऱ्यांनी हा फरक आधी बघावा.

घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरणं

आता ही चूक. आमच्या ऑफिसातला एक तरुण सहकारी, नवी कोरी ऑटोमॅटिक. आम्ही चौघे, मागे बॅगा, पुण्याहून मुंबईकडे. खंडाळ्याचा बोगदा संपला, उतार सुरू झाला आणि पठ्ठ्याचा उजवा पाय ब्रेकवर गेला तो तिथेच राहिला. हलका, सतत दाबलेला. मी म्हटलं, "अरे, गिअर खाली घे." तो म्हणाला, "दादा, ऑटोमॅटिक आहे. तिचं ती बघते." वळणांमागून वळणं गेली, करपल्यासारखा वास यायला लागला. "ट्रकचा वास आहे," तो म्हणाला. ट्रक आमच्या बराच मागे होता.

खालापूरच्या टोलनाक्याला रांगेत थांबताना पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. तेव्हा कुठे साहेबांचा चेहरा उतरला. नाका ओलांडून गाडी डावीकडे रुंद जागेत घेतली. पुढच्या चाकांतून बारीक धूर निघत होता. तो पाण्याची बाटली घेऊन धावला, मी हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होऊ शकते, मग ब्रेक मारला की आयुष्यभर स्टिअरिंग थरथरणार. अर्धा-पाऊण तास नुसते उभे राहिलो, ब्रेक निवले, पेडल जागेवर आलं. मीटिंग बुडाली. लवकर पोचायचं म्हणून तो देहू रोडपासून सगळ्यांना दिवे मारत आला होता, हेही जाता जाता सांगतो.

या फसगतीत गाडीच्या आकाराचाही हात असतो. सपाटीवर १०० ने जाताना पाय उचलला की उभी गाडी झटकन मंदावते, कारण वाराच ब्रेकचं काम करतो. रोज जाणाऱ्याला त्याची सवय लागते. घाटात वेग ५० वर आला की वाऱ्याचा विरोध चौथाईवर येतो, आणि उताराची ओढ मात्र तशीच राहते. पाय उचलूनही गाडी मंदावत नाही, म्हणून माणूस ब्रेक धरून बसतो.

उपाय जुनाच आहे. जो गिअर चढायला लागला असता, त्याच गिअरने उतरा. मी उतार सुरू व्हायच्या आधीच तिसऱ्यात येतो. तरी वेग वाढत गेला तर दुसऱ्यात. ब्रेक लागेल तेव्हा ठामपणे दाबतो आणि पूर्ण सोडतो. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा एल (लो, म्हणजे खालचा गिअर) असतो, तो शोभेला दिलेला नाही. इंजिन थोडं ओरडेल, ओरडू दे, त्याला काही होत नाही. न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या गाडीत बसत नाही. आणि ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. गाडी चार वर्षांची झाली आणि ते एकदाही बदललं नसेल, तर घाट हे त्याची परीक्षा घ्यायचं ठिकाण नव्हे.

बाकीच्या, पटापट

उंच बसल्यावर वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो. अधूनमधून काट्याकडे बघा, अंदाजावर जाऊ नका.

उंचीमुळे पुढच्या मोटारीच्या टपावरून पलीकडचं दिसतं, म्हणून लोक तिच्या बंपरला चिकटतात. १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, तुमचा पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच. दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात चार.

पावसात चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून जाणं बंद करा. तुम्ही लेन कधी बदलणार हे मागच्याला कळत नाही. साधे हेडलाइट लावा.

क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) ओल्या रस्त्यावर आणि घाटात नको.

चढताना छोटं इंजिन पाचव्या गिअरमध्ये रडवू नका. खाली या. एसी बंद करायचा की नाही हे तापमानाचा काटा बघून ठरवा, मित्राच्या सल्ल्याने नको.

जाड ऑफरोड टायर आणि स्प्रिंगा उंच करणारे किट लावून रोज बेलापूरला जाणाऱ्यांना काय सांगावं! ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं, स्पीडोमीटर चुकतो, गाडी आणखी डोलते. फोटो मात्र छान येतात.

मागची सपाट काच पावसाळ्यात दहा मिनिटांत चिखलाने भरते. मागच्या वायपरचं रबर मे महिन्यात बदलून घ्या.

स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावरच ८० ची मर्यादा छापलेली असते. ती लावून डाव्या लेनने जा आणि पहिल्या टायरवाल्याकडे थांबा. बऱ्याच जणांनी स्टेपनीतली हवा गाडी घेतल्यापासून बघितलेली नाही, हे मी पैजेवर सांगतो.