राणीच्या बागेत जाताय? झाडांसाठी पण वेळ ठेवा

सगळ्यात आधी वार बघा, मुंबईतली ही प्राण्यांची आणि झाडांची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी चालू ठेवतात आणि गुरुवारी बंद, त्यामुळे सुट्टीच्या आठवड्यात नीट चेक करून मगच निघा. भायखळा स्टेशनला ईस्टला उतरलात की चालत जाता येतं, गाडी आणून पार्किंग शोधत बसण्यात अर्थ नाही.

जमलं तर वीकडेला आणि सकाळी गेट उघडता उघडताच पोचा. आधी वाघ, बिबट्या, अस्वल बघून घ्या, कारण ऊन चढलं की ते सावलीत जाऊन आडवे होतात आणि मग मुलं काचेवर हात आपटत बसतात (प्लीज करू देऊ नका, आतल्या प्राण्याला फार त्रास होतो). पेंग्विन दुपारसाठी ठेवा, ते एसीत असतात त्यामुळे त्यांना उन्हाचं काही नाही आणि तुम्हालाही जरा गारवा मिळतो. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, 2016 ला सोलहून आणलेले. शनिवार-रविवारी इथली लाईन बघूनच दमायला होतं.

आता माझा खरा आग्रह. ही बाग 1862 ची आहे आणि आधी ही वनस्पतींची बाग, प्राणी नंतर आले, तरी बहुतेक लोक पिंजरा ते पिंजरा पळतात आणि डोक्यावर काय आहे ते बघतच नाहीत. आफ्रिकेतली गोरखचिंच शोधा, तिच्या बुंध्याला मिठी मारायला घरातले सगळे लागतील. कैलासपतीला फुलं फांदीवर नाही तर थेट खोडावर येतात, वास एकदम दाट, आणि फळं तोफेच्या गोळ्यांएवढी जड, म्हणून खाली उभं राहून फोटो काढत बसू नका. थंडी सरताना गेलात तर उर्वशी फुललेली आहे का माळीकाकांना विचारा, लाल फुलांचे लांब घोस खाली लोंबतात, मूळ झाड म्यानमारचं, एवढं देखणं झाड मुंबईत आहे हेच कितीजणांना माहीत नसतं! झाडांवर नावाच्या पाट्या दिसतील तिथे थांबा, मुलांना वाचायला लावा.

पाण्याची बाटली, टोपी आणि चालायचे बूट हवेतच, पावसाळ्यात न घसरणारे. प्राण्यांना काहीही खायला टाकू नका, वेफर्सचा एक तुकडासुद्धा नाही.

पाय शिल्लक असतील तर शेजारीच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, 1872 चं, तिकीट वेगळं. घारापुरीचा मूळ दगडी हत्ती तिथेच बाहेर उभा आहे. आणि काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो घोड्याचा पुतळा 1965 मध्ये इकडे हलवला, तोही बघून घ्या.