जुन्या बाजारातली फौजी चित्रं: या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात फौजी चित्रांना तोटा नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी कुणी ना कुणी पलटणीत गेलेलं. त्यामुळे वाडा पाडला, माळा आवरला की भंगारवाल्याच्या गाड्यावर एखादी फ्रेम येतेच. लोक ती दोनशे रुपयांत घेतात, तिथंच मोबाइलवर फोटो काढून इंटरनेटवर शोधतात, तसंच चित्र लंडनच्या कुठल्याशा लिलावात दिसतं आणि मग त्यांना दुसरं काही ऐकायचंच नसतं. मोबाइल चित्राचा विषय ओळखतो. ते छापलंय की हातानं रंगवलंय, हे त्याला कळत नाही.

त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं, घड्याळजी किंवा सोनार वापरतात तसलं. विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांना, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांना, ते विकतही आणावं लागत नाही. चित्रातल्या तीन जागा बघायच्या: चेहरा, आकाश आणि सही. ठरावीक अंतरावर बसलेले बारीक ठिपके दिसले तर ती हाफटोन किंवा ऑफसेट छपाई. रवाळ, वेडेवाकडे ठिपके आणि कडेला एकमेकांवर सरकलेले रंग दिसले तर बहुधा क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे दगडावरून घेतलेली रंगीत छपाई. सहीतसुद्धा ठिपके असतील तर सहीही छापलेलीच. समासात पेन्सिलीनं ४५/५०० असं (म्हणजे पाचशे प्रतींतली पंचेचाळिसावी) लिहून खाली सही असेल तर सही खरी असू शकते, चित्र मात्र छापील प्रत आहे.

हात फिरवून ‘खडबडीत लागतंय, म्हणजे तैलरंग’ असं ठरवू नका. ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रावर, कॅनव्हासची वीण दाबून उठवायचे आणि वरून वार्निश द्यायचे. मिशीवर आणि आकाशावर वीण अगदी सारखीच असेल तर तिथं कुंचला फिरलेला नाही. १९११ साली लंडनच्या ए. अँड सी. ब्लॅक यांनी काढलेल्या ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ या पुस्तकात मेजर लव्हेट यांची ७२ रंगीत चित्रं आहेत. त्यातली सुटी पानं फ्रेम करून ‘मूळ जलरंग’ म्हणून खपवली जातात. भिंगाखाली ठिपके लगेच दिसतात. थिनरचा बोळा फिरवून रंग सुटतो का बघणाऱ्यांना तर जलरंगाच्या जवळपासही फिरकू देऊ नये.

आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत होते ती रंगवलेल्या ब्रोमाइडमध्ये. फेटा, छातीवर पदकं, मागे पडदा. लोक त्याला पेंटिंग समजतात. मुळात तो कृष्णधवल फोटो, मोठा करून त्यावर हातानं रंग चढवलेला. ठिपके नसतात, करड्या छटा सलग असतात आणि काळ्या भागात कडेला तिरक्या उजेडात चांदीसारखी झाक मारते. खरी मेख पुढं आहे. रंगवणाऱ्यानं पदकं बघितलेली असतीलच असं नाही, त्यामुळे फितीचे रंग अंदाजपंचे दिलेले असतात. त्या काळच्या पुष्कळ फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, म्हणून लाल पट्टा फोटोत काळपट येतो आणि रंगवणारा त्यावर निळा नाहीतर काळा फासतो. म्हणून फितीचा रंग सोडा. पट्टे किती, रुंद की अरुंद, पदक गोल की ताऱ्यासारखं, ते बघा. आणि पदकावरून काढलेलं साल हे ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं. इटली स्टार हे दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेचं पदक १९४५ चं आहे, ते छातीवर असेल तर फोटो त्याच्या आधीचा नाही, बस. तेही पदक मागाहून रंगवून बसवलेलं नसेल तर.

दुसरी चूक फ्रेमवाल्याकडे होते, आणि ती परत दुरुस्त होत नाही. कराडकडच्या एका वाड्यातून घोडदळाचं लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, निघालं. घेणाऱ्यानं घाईनं ते तयार फ्रेममध्ये बसवायला दिलं, माप जमेना म्हणून खालचा दोन बोटं समास कापला गेला आणि मागचा पुठ्ठाही टाकला गेला. चित्रकार, शिळाकार, प्रकाशक आणि साल यांची ओळ नेमकी त्याच समासात असते. आता ते चित्र ‘घोड्यावरचे शिपाई’ एवढंच उरलंय. फ्रेम उघडायची तर आधी मागचा फोटो काढा, काच खाली करून मऊ कापडावर ठेवा, खिळे पक्कडीनं सरळ वर ओढा, पटाशीनं उचकू नका. पुठ्ठा, चिकटवलेली चिठ्ठी, आतला कागद सगळं एका पाकिटात ठेवा. आत साताऱ्याच्या ‘ऐक्य’ वर्तमानपत्राचा जुना तुकडा निघाला तर फ्रेम त्या तारखेच्या आधीची नाही, इतकंच, चित्र कितीही जुनं असू शकतं.

खाली छापलेला पलटणीचा आकडा मात्र उपयोगी. १०३, १०५, ११० असे मराठा पलटणींचे आकडे १९०३ पासून १९२२ पर्यंतच चालले; नंतर त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या. टोपीवर मुकुट असेल तर गणवेश २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, अशोकस्तंभ असेल तर नंतरचा. पण ही तारीख गणवेशाची आहे, छपाईची नव्हे. नवी प्रतही जुनाच आकडा दाखवते. नोटा तपासायच्या दिव्याखाली कोरा समास निळसर चमकला तर कागद साधारण १९५० नंतरचा.

सांगलीत पुरात भिजलेल्या फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटलेला असतो. तो ओढू नका, काचेसकट ठेवा आणि काचेवरूनच त्याचा फोटो काढा. चिखल ओल्या फडक्यानं पुसू नका.

शंभर वर्षांवरचं चित्र परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचा विचार सोडा; १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं खासगी माणसाला ते करता येत नाही.

मागे नाव, पलटण आणि शिपायाचा नंबर लिहिलेला असेल तर आधी घराणं शोधा. महायुद्धात पडलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नावावरून शोधता येतात, नंतरच्या काळातल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. विकायचंच असेल तर निदान त्या घरच्यांना एक चांगली प्रत काढून द्या.