स्काउटचे बिल्ले मी शिवून देत नाही

कळव्यात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. फॉल-पिको, ब्लाउज आणि शाळा सुरू झाल्या की गणवेश. जुलैच्या सुमारास एखादी आई हमखास येते. एका हातात स्टील ग्रे कापड, दुसऱ्या हातात बिल्ल्यांची प्लास्टिकची पुडी. "ताई, मुलाला स्काउटमध्ये घेतलंय. शर्ट शिवा आणि हे सगळं लावून द्या. परवा पाहिजे."

शर्ट शिवते, पँट शिवते, स्कार्फही करून देते. बिल्ले मात्र देत नाही शिवून. सुई-दोरा देते, पोराला स्टुलावर बसवते आणि टाका कसा घालायचा ते दाखवते. काही आयांना राग येतो. एक तर पुडी उचलून समोरच्या टेलरकडे गेली.

माझा मोठा पाचवीत स्काउटमध्ये गेला, आता नववीत आहे. धाकटी यंदा गाइडमध्ये गेली. तेव्हा दुकानात मशीन चालवता चालवता मी जे रोज सांगत असते, तेच इथे लिहिते.

आधी घोळ निस्तरू. आपल्याकडे आरएसपी, एनसीसी आणि स्काउट-गाइड या तिन्हींना पालक एकाच माळेत ओवतात, कारण तिन्हीत गणवेश आणि संचलन असतं. आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षेचं पथक. एनसीसी ही सैन्याशी जोडलेली संघटना. स्काउट-गाइडचा सैन्याशी संबंध नाही. गाठी मारणं, प्रथमोपचार, तंबू, स्वयंपाक, सेवा आणि चारचौघांत मिळून राहणं हा तिथला अभ्यास. 'मुलाला शिस्त लागेल' एवढ्याच आशेनं पाठवणार असाल तर पहिल्या महिन्यात निराश व्हाल. तिथून पोरगं आधी शिकून येतं ते मातीत लोळणं.

वयाचा हिशोब सोपा आहे. लहान मुलं कब, लहान मुली बुलबुल. दहा वर्षं पूर्ण झाली की स्काउट किंवा गाइड. पुढे कॉलेजच्या वयात रोव्हर आणि रेंजर. आपल्या ठाण्यात बहुतेक पथकं शाळेला जोडलेली असतात, म्हणून पहिली चौकशी वर्गशिक्षकांकडे करा. शाळेत नसेल तर स्काउट-गाइडच्या जिल्हा कार्यालयाला विचारा, शाळेबाहेरची खुली पथकंही असतात. घरात कुणी रेल्वेत असेल तर तिकडेही विचारा, रेल्वेची स्काउट-गाइड संघटना स्वतंत्र चालते.

नाव घालण्याआधी पथक खरंच चालतं का ते बघा. मी हे सौम्य शब्दांत सांगू शकत नाही: काही ठिकाणी पथक फक्त २६ जानेवारीला जिवंत होतं. वर्षभर गणवेश कपाटात आणि त्या दिवशी झेंड्यापुढे रांग. हे ओळखायची माझी रीत अशी. आधीच्या वर्षीच्या एखाद्या मुलाला विचारायचं, "तुझा संघनायक कोण?" पटकन नाव सांगितलं तर पथक चालतंय. "म्हणजे काय?" असं म्हणाला तर काय ते समजा. शिवाय बैठक दर आठवड्याला होते का, कोणत्या वारी, स्काउटमास्तरांचा किंवा गाइड कॅप्टनबाईंचा बेसिक कोर्स झालाय का, पथकाची यंदाची नोंदणी झालीय का, हे मोकळेपणानं विचारा. चांगले सर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट खूश होतात.

संघनायकाचा प्रश्न मी उगाच निवडलेला नाही. सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि अशा काही संघांचं पथक. सर सगळं संघनायकाला सांगतात, संघनायक आपल्या पोरांकडून करून घेतो. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडात ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही त्यांनी वीसेक मुलांचे चार संघच पाडले होते, आणि त्यात बड्या शाळांतली मुलं नि कामगारांची मुलं एकत्र होती. माझ्या मुलाच्या पहिल्या संघात खारेगावच्या टॉवरमधली दोन मुलं होती, विटाव्याच्या चाळीतली तीन, आणि संघनायक होता भाजीच्या गाडीवर बापाला मदत करणारा. वजनाचा अंदाज त्याला इतका पक्का की शिबिरात डाळ-तांदूळ तोच काढायचा. माझ्या मुलानं घरात माझं ऐकलं नसतं, त्याचं निमूट ऐकायचा. म्हणून एक विनंती. 'माझ्या मुलाला त्याच्या मित्राच्याच संघात टाका' अशी चिठ्ठी सरांना पाठवू नका. मीही पाठवली होती. सरांनी घडी घालून खिशात ठेवली आणि काही केलं नाही, बरं झालं.

आता गणवेश, माझा विषय. मुलांचा स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, नेव्ही ब्लू बॅरे कॅप, संघटनेचा पट्टा, गळ्यात स्कार्फ. माझा भाऊ स्काउटमध्ये होता तेव्हा खाकी असायचा. घरात जुना खाकी शर्ट असला तर तो आठवण म्हणून ठेवा, वापरता येणार नाही. मुलींचा गणवेश वेगळा, निळा. त्याचा नमुना कॅप्टनबाईंकडून बघितल्याशिवाय कापड घेऊ नका, निळ्याच्या दहा छटा असतात आणि दुकानदार सगळ्यांना 'गाइडचाच निळा' म्हणतो. शर्ट वाढत्या अंगाचा शिवा, पण खांद्याला बेतशीर ठेवा. खांदा उतरला की खांद्यावरची पट्टी कोपराकडे निघते.

स्कार्फचा रंग प्रत्येक पथकाचा ठरलेला असतो. त्रिकोणाच्या दोन सारख्या बाजू ७० ते ८० सेंटिमीटर. म्हणजे ८० सेंटिमीटरचा चौकोन घेऊन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की दोन स्कार्फ होतात, म्हणून शेजारणीला बरोबर घेऊन या, कापड वाया जात नाही. तिरकी बाजू उरेब असते, ओढली की ताणते. दुमडताना हात हलका ठेवायचा. कापड सुतीच घ्या. टेरिकॉट चकाचक दिसतं, पण स्कार्फ म्हणजे शोभेची वस्तू नाही. हात मोडला तर त्याचीच झोळी करतात, डोक्याला लागलं तर पट्टी करतात. म्हणूनच तर तो त्रिकोणी. गुळगुळीत कापडाची गाठ सुटते.

बिल्ल्यांबद्दल दोन गोष्टी. दीक्षाविधी होईपर्यंत काहीही लावायचं नाही. नवीन मुलाला साधारण तीन महिने प्रवेशाची तयारी करावी लागते: वचन, नियम, सॅल्यूट, प्रार्थना, झेंडागीत. त्यानंतर सर सगळ्यांसमोर वचन घेतात आणि सदस्यत्वाचा बिल्ला मिळतो. त्याआधीच आईनं हौसेनं शिवलेला बिल्ला उसवायला लागलेली दोन पोरं मी पाहिली आहेत, रडवेली झाली होती. दुसरं म्हणजे, खिशावरचा बिल्ला शिवताना खिशात पुठ्ठ्याचा तुकडा घाला. नाहीतर खिसाच शिवला जातो. हसू नका, माझ्याकडे दर वर्षी असा एक शर्ट येतो, आणि तो हमखास मोठ्या माणसानं शिवलेला असतो. मुलं शिवताना दर टाक्याला आत बोट घालून बघतात.

वचनात ईश्वराचं नाव आहे म्हणून मुंब्र्याहून येणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईंनी मला बिचकत विचारलं होतं, आमच्या मुलाला चालेल ना? चालतं. 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे, आणि शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते. तरी मनात शंका असेल तर नाव घालण्याआधीच सरांशी बोला. आणि घरी आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा की स्काउट-गाइड डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. आमच्या सासूबाई धाकटीवर ओरडल्या होत्या, "डावा हात काय पुढे करतेस गं?"

आता शिबिर. सामानाची यादी सरांकडून येते: ताट, वाटी, पेला, टॉर्च, चादर, दोरी, जादा मोजे. ती मी इथे लिहीत नाही. बॅग कुणी भरायची ते लिहिते. मुलाच्या पहिल्या शिबिराला बॅग मी भरली. शिलाईवाली बाई मी, घड्या अशा घातल्या की दुकानात मांडाव्यात. मोजे बाजूच्या चोरकप्प्यात, टॉर्च चादरीच्या मधोमध फुटू नये म्हणून. मुरबाडच्या बाजूला, रात्री वीज नाही. टॉर्च कुठेय ते शोधायला टॉर्च हवा! पोरगं दोन दिवस एकाच ओल्या मोज्यात फिरलं. परत आल्यावर बॅग उघडली तर मोज्यांच्या तीन जोड्या माझ्या घडीत जशाच्या तशा. पुढच्या वेळी बॅग त्यानं भरली, टॉवेल विसरला, स्कार्फनं अंग पुसलं. त्यानंतर टॉवेल कधी विसरला नाही.

मुक्कामाच्या शिबिराला पाठवण्याआधी मात्र चिकित्सा कराच. संमतीपत्रावर सही करताना किती मोठी माणसं बरोबर आहेत, एकापेक्षा जास्त आहेत ना, मुलींसोबत बाई मुक्कामाला आहेत ना, जवळचा दवाखाना कुठे, हे विचारा. मुलाला दमा असेल, कशाची ॲलर्जी असेल, रात्री अंथरूण ओलं होत असेल, तर सरांना एकटं गाठून सांगा. लपवलं की पोराची फजिती होते. येऊरला सहल म्हणाले तर कोणत्या महिन्यात तेही विचारा. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे आहेत, आणि पावसाळ्यात तिथल्या धबधब्यांवर जायला बंदीचे आदेश निघतात. हिवाळ्यातलं येऊर मुलांना पुरेसं आहे.

खरी कमाई हा आणखी एक प्रकार. मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे. होतं काय, की आया पहाटे उठून शेकडो सँडविच करतात आणि पोरं फक्त ओरडून विकतात. मग ती कमाई कुणाची? माझ्या मुलाच्या संघानं लिंबू सरबत केलं. लिंबं जांभळी नाक्यावरून त्यांनीच घासाघीस करून आणली, साखर जास्त पडली, बर्फ वितळला, आणि दिवसाअखेर हातात चाळीस रुपये उरले. त्या चाळीस रुपयांचा हिशोब त्यानं तीन वेळा मांडला. गणिताच्या वहीत तो एकदाही नीट मांडत नाही. ७ नोव्हेंबरचं तसंच. १९५० साली त्या दिवशी भारत स्काउट्स अँड गाइड्स स्थापन झाली, म्हणून ध्वजदिन असतो, मुलं स्टिकर घेऊन दारोदार जातात. सगळे स्टिकर तुम्हीच विकत घेऊन मोकळे होऊ नका. मुलाला वरच्या मजल्यावर पाठवा. दार तोंडावर आपटलं तरी चालतं.

आणि लॉगबुक. पुढे जाताना कामाची नोंदवही लागते, आणि आपल्याकडच्या लॉगबुकांवर आयांचं अक्षर आणि ताईची चित्रकला असते. परीक्षकांना ते पहिल्या पानावर कळतं. मग ते वही मिटतात आणि दोरी हातात देतात: "बोलाइनची गाठ मारून दाखव." तिथे आईचं अक्षर काय करणार?

प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढण आहे. प्रथम सोपानाला किमान सहा महिने, द्वितीयला नऊ. मधली पायरी गाळता येत नाही. त्यामुळे आठवीत नाव घालून 'दहावीपर्यंत राष्ट्रपती पुरस्कार' हे गणित जमत नाही, आणि जमवून देतो म्हणणाऱ्याला मी तरी दोन हात लांब ठेवीन. दहावीच्या वाढीव गुणांचं विचारायचं असेल तर शाळेच्या कार्यालयात चालू शासन निर्णय बघा. तेवढ्यासाठी पाठवणाऱ्यांची पोरं बहुधा वर्षभरात गळतात.

सरांबद्दल थोडं. हा माणूस दिवसभर वर्गात शिकवतो, निवडणूक आली की त्या ड्युटीला जातो, आणि वर शनिवारी तुमच्या पोराला गाठी शिकवतो. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर 'टोपी कुठे मिळेल' विचारू नका. त्यापेक्षा तुम्हाला काय येतं ते सांगून ठेवा. आमच्याकडचे एक रिक्षावाले पालक शिबिराच्या सामानाची ने-आण करतात, एक परिचारिका प्रथमोपचार शिकवतात. मला सरांनी काज-बटणाला बोलावलं होतं. पोरांनी शंभरेक बटणं लावली, त्यातली अर्धी मी घरी येऊन उसवली.

धाकटीचा दीक्षाविधी परवा झाला. कॅप्टनबाईंनी पिन लावून दिलेला बिल्ला घेऊन ती संध्याकाळी दुकानात आली आणि स्टुलावर बसली. दोनदा सुई टोचली, एकदा दोरा संपला, माझ्याकडे न बघता दुसरा ओवला. बिल्ला जरा डावीकडे कलला आहे. मी इस्त्री फिरवली, गणवेश हँगरला लावला आणि दुकान बंद केलं.