पोरासाठी अ‍ॅप निवडायचंय? आधी मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघा

जून आला की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, "पोरांसाठी चांगलं अ‍ॅप असलं तर सांगा की कोणतरी", आणि मग धडाधड लिंका पडतात. रेटिंग बघून काही कळत नाही, जाहिरात बघून तर त्याहून नाही. त्यापेक्षा एक करा, अ‍ॅप डाऊनलोड झालं की पोराच्या हातात द्यायच्या आधी स्वतः दहा-पंधरा मिनिटं घेऊन बसा आणि मुद्दाम चुकत जा. चुकल्यावर अ‍ॅप काय करतंय ते बघितलं की मूल कसं शिकतं याबद्दल बनवणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते सगळं बाहेर पडतं.

समजा ७ अधिक ५ किती विचारलंय आणि तुम्ही ११ दाबलं. बऱ्याच अ‍ॅपमधे टुंग आवाज येतो, लाल फुली दिसते की लगेच पुढचा प्रश्न. ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरची लाईन, म्हणजे वर्तनवाद, बरोबर वागलं की बक्षीस आणि तेच तेच करून सवय लावायची. पण स्किनरवर सगळं ढकलू नका हं. १९५३ साली तो आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला, तिथं त्याला दिसलं की सगळ्या पोरांना एकाच वेगानं हाकतायत आणि आपलं बरोबर आलं की चूक हे कळायला पोरांना वाट बघत बसावं लागतंय, म्हणून त्यानं शिकवायचं मशीनच केलं, १९५४ मधे लोकांना दाखवलं पण. छोटे छोटे टप्पे आणि उत्तर बरोबर का चूक ते तिथल्या तिथं, एवढंच त्यात होतं. आताच्या अ‍ॅपवाल्यांनी त्यातलं टप्प्याचं काम अर्धवट सोडलं आणि नाणी, हिरे, स्टार असला पसारा वाढवून ठेवला.

या नाण्यांचं एक बघून ठेवा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या पोरांवर प्रयोग केला. चित्रं काढायची आधीच आवड असलेली पोरं घेतली, त्यातल्या काहींना सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळणार, दिलं पण. नंतर मोकळ्या वेळेत हीच पोरं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. तेव्हा पाढे पाठ करायला, स्पेलिंगला नाणीवालं अ‍ॅप चालतंय, पण पोराला गोष्टी वाचायचा मुळातच नाद असला तर तिथं कशाला नाणी घालताय.

आता वयाचं. अ‍ॅपवर लिहिलंय "४ ते १० वर्षं" म्हणून विश्वास ठेवू नका, घरातच बघता येतंय. दोन सारखे पेले घ्या, दोन्हीत सारखं ताक घाला, पोरालाच विचारा सारखं आहे का, हो म्हणू दे. मग त्याच्यासमोरच एका पेल्यातलं ताक उंच बारीक ग्लासात ओता आणि विचारा, आता कुठं जास्त? पाच वर्षांचं पोर बहुतेक उंच ग्लासाकडं बोट दाखवतंय आणि वर "दिसालंय की" म्हणून ठणकावून सांगतंय. समजावून काही उपयोग नाही, स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेनं हेच दाखवलं की साधारण सात वर्षांच्या आसपास हे आपोआप जुळायला लागतं. तुमचं पोर अजून उंच ग्लासावर असलं तर अपूर्णांकाचं, मापाचं अ‍ॅप राहू दे, वस्तू मोजायच्या, लावायच्या, जोड्या जुळवायच्या असलं काहीतरी द्या.

परत ७ अधिक ५ वर या. चांगलं अ‍ॅप चुकल्यावर दहा घरांची चौकट दाखवतंय, सात घरं भरलेली, पाच गोळे बाहेर, "आधी दहा पूर्ण कर" एवढंच म्हणून गप्प बसतंय. परत चुकलात तर तीन गोळे सरकवून दाखवतंय, आणि पुढच्या गणिताला ही मदत काढून घेतंय. हे काढून घेणं महत्त्वाचं. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की म्हणायचा की मुलाला एकट्याला जमतं आणि कुणाच्या तरी मदतीनं जमतं या दोन्हींच्या मधल्या जागेत शिकणं होतं, आणि १९७६ मधे वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी अशा मदतीला आधाराची परांची म्हटलं, काम झालं की उतरवायची. कायम हिंट देणारं अ‍ॅप असलं तर पोर हिंटच शोधायला शिकतंय, गणित नाही. आणि अशी हिंट द्यायला अ‍ॅपच पाहिजे असं कुठाय, शेजारी आज्जी बसली तरी चालतंय की.

कोपऱ्यात ससा नाचतोय, वर गाणं चालू, असलं असेल तर सेटिंगमधे जाऊन आधी ते बंद करा, एका वेळी डोक्यात मावतंय थोडंच.

वेगळ्या जातीचं म्हणजे स्क्रॅच ज्युनिअर, यात पोर ठोकळे जोडून चित्रांना हलवतंय, म्हणजे स्वतःच छोटा प्रोग्राम बनवतंय, २०१४ मधे आलं, फुकट आहे, पाच ते सात वयासाठी, आणि मोठ्यांना स्क्रॅच, ते २००७ चं. यांचं मूळ १९६७ च्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत, ती बनवणाऱ्यांतला पॅपर्ट पियाजेजवळ काम करून आलेला, त्याचं म्हणणं की पोर काहीतरी स्वतः बनवताना सगळ्यात जास्त शिकतं. दिवाळीत आपली पोरं किल्ला करतात तसंच बघा, माती घसरली की दगड लावतात, कोण शिकवायला जातंय? स्क्रॅचमधे पण चूक की बरोबर सांगणारं कुणी नाही, घोडा उलटा पळाला की पोरालाच कळतंय. आपला बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला काढायला सांगा, घोडा पळवायला सांगा, आवाज पण त्याचाच रेकॉर्ड होतोय. तुम्ही मधे बोट घालू नका, "काय करालास?" एवढं विचारा आणि ऐका.

आता आपल्या बेळगाव भागातलं खरं दुखणं, कन्नड अक्षरं. मराठी शाळेतली पोरं कन्नडच्या प, व, म, ष मधे हमखास गोंधळतात, एका साच्यातली दिसतात ना ती. इथं मात्र पाठांतरच पाहिजे, पण वेळ सोडून सोडून. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसनं १८८५ मधेच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर उडतं आणि एकदम घोकण्यापेक्षा दिवस पाडून केलेलं टिकतं. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड हे कार्डं दाखवून दिवस सोडून सोडून उजळणी घेणारं अ‍ॅप फुकट मिळतंय. कार्डाच्या एका बाजूला अक्षराचा फोटो घाला, दुसऱ्या बाजूला आवाज, आणि आवाज शेजारच्या कन्नड काकूंचा घ्या, तुमचा नको. रोज नवीन कार्डांचा आकडा तीन-चारवर आणून ठेवा. प आधी पक्का होऊ दे, व दोन-चार दिवसांनी घाला, दोन्ही ओळखता यायला लागले की मग शेजारी शेजारी ठेवून फरक विचारा. द आणि ध, ब आणि भ यांना खालच्या बारक्या रेघेवर बोट ठेवून दाखवा, मोबाईलच्या छोट्या अक्षरात ती रेघ दिसतच नाही, म्हणून फोटो मोठा काढा.