प्रसूती विभागाचं ऑडिट करताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या रुग्णालयांत ऑडिट, म्हणजे दिलेल्या उपचारांची पडताळणी, म्हटलं की आधी विचारलं जातं, "चूक कुणाची?" खरी घोडचूक हीच. नोटिशीच्या धास्तीने पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना वेळोवेळी भरायचा बाळंतपणाचा आलेख, बाळंतपण उरकल्यावर एका दमात भरला जातो. सगळ्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या, रेषा सरळसोट. असा कागद हाती आला तर नर्सला झापू नका. त्या पाळीत तिच्या एकटीकडे कळा सुरू असलेल्या किती बायका होत्या, ते आधी बघा. बैठकीत नावं घ्यायचीच नाहीत, ना बाईचं ना कर्मचाऱ्याचं.

फक्त मृत्यूच तपासणं ही दुसरी चूक. तालुक्याच्या रुग्णालयात मातामृत्यू मोजकेच होतात. मरणाच्या दारातून परतलेल्या बायका त्याहून जास्त असतात. काय घडलं, कुठे उशीर झाला, हे त्या स्वतः सांगू शकतात. त्यांना विचाराच.

निकषांची लांबलचक यादी करू नका. एकच प्रश्न घ्या: बाळ जन्मल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं, म्हणजे रक्तस्राव रोखणारं, १० युनिटचं इंजेक्शन दिलं का? लागोपाठच्या तीस फायली काढा, नीट लिहिलेल्या तेवढ्याच निवडू नका.

रक्तस्राव नजरेने मोजू नका; अंदाज हमखास कमी निघतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत केलेल्या अभ्यासात मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. तिथे मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत रक्त गोळा करून मोजलं होतं. आपल्याच खेड्यांत एएनएम (गावपातळीवरच्या सरकारी परिचारिका) ताईंना हे जमलं, तर रुग्णालयात का जमू नये?

सीमाभागाची एक खास अडचण. चंदगडला दिलेली लेक बाळंतपणाला खानापूरला माहेरी येते. आधीच्या तपासण्या महाराष्ट्राच्या कार्डावर, पुढच्या कर्नाटकच्या थायी (आईच्या) कार्डावर. दोन्ही कार्डं फायलीला जोडा. बेळगावला पाठवलेल्या बाईची फाईल "रेफर" या शब्दावर बंद करू नका. पुढे तिचं काय झालं ते फोन करून विचारा आणि लिहा.

सुधारणा केल्यावर त्याच प्रश्नाची पुन्हा मोजणी झाली नाही, तर ऑडिट अर्धवटच राहिलं. तिची तारीख आणि जबाबदार माणूस पहिल्याच बैठकीत ठरवा. इंजेक्शन वेळेवर मिळूनही रक्तस्राव कमी होत नसेल, तर फ्रिज तपासा: ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावं लागतं, आणि लाईट गेलेल्या तासांची नोंद सहसा कुणीच ठेवत नाही.